कोपेलाची किल्ली

लाटंबार्से,
१० फेब्रुवारी २०२४

चि. गौरेश,

आशीर्वाद आधी घे, मग कान इकडे कर. हे सगळं फोनवरच सुनावणार होते. पण आपल्या वाड्यावर फोन लागायचा तर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहावं लागतं, आणि तिथून बोललेलं अर्ध्या गावाला ऐकू जातं. शिवाय आयुष्यभर शाळेत मुलांची पत्रं तपासली, त्यामुळे रागसुद्धा मला कागदावर नीट येतो. तूही उत्तर कागदावरच दे.

काल शेजारच्या पांडुरंगाने तुझा व्हिडिओ दाखवला. "गोव्याच्या घनदाट जंगलात लपलेलं, जगाला अज्ञात असं प्राचीन चर्च." अरे, लपलेलं कुणापासून? आपल्या काजूच्या बागेतून वर चढलं की शेवटच्या फणसामागे ते कोपेल आहे. चर्च म्हणण्याएवढंही नाही, इगर्जीची धाकटी बहीण म्हण हवं तर. मी रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायला जाते. जगाला अज्ञात असेल, तर मी कोणत्या जगात राहते तेवढं कळव.

ते घनदाट जंगलही आपलंच. तुझ्या काकांनी लावलेल्या काजू आहेत त्या. ते गेल्यावर बेणणी झाली नाही म्हणून रान माजलंय. आणि व्हिडिओत डाव्या बाजूला जी गूढ पांढरी आकृती हलते, ती माझी वाळत घातलेली चादर आहे.

झालं ते झालं. एवढंच कर, कुणाला पत्ता सांगू नकोस.

गंगाकाकी

*

पर्वरी,
१८ फेब्रुवारी

ती. काकी,

साष्टांग नमस्कार. ऑफिसात तुझं पाकीट आलं तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, कोर्टाची नोटीसच आली. हाताने लिहिलेलं पत्र तिने पहिल्यांदाच पाहिलं.

पत्त्याचं म्हणशील तर तो मी व्हिडिओच्या खालीच टाकला होता, नकाशासकट. लाखांवर लोकांनी पाहिलाय. तुला माहीत आहे, आमची कंपनी सरकारला पर्यटनाच्या योजना आखून देते. इतकी वर्षं साहेब मला "तो डिचोलीचा" म्हणायचे. परवा केबिनमध्ये बोलावून माझं नाव घेतलं. त्यांचं म्हणणं, किनाऱ्यावर आता पाय ठेवायला जागा उरली नाही, माणसं आत यायला बघतात, आणि आत दाखवण्यासारखं काहीतरी पाहिजे. मी अजून कच्चाच आहे नोकरीत. हा प्रकल्प झाला तर पक्का होईन.

तेव्हा जरा आठवून लिही. कोपेल कुणी बांधलं, कधी बांधलं, खाली भुयार वगैरे आहे का? एखादं भूत, एखादी प्रेमकथा? नसेल तर हरकत नाही, थोडं इकडचं तिकडचंही चालेल. आणि किल्ली कुणाकडे असते?

तुझा,
गौरेश

*

लाटंबार्से,
९ मार्च

चि. गौरेश,

कुणी बांधलं ते मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, एक दार, एक जनेल, आत लाकडाचा सांत आंतोन आणि त्याच्या कडेवर बाळ. बाळाचं नाक वाळवीने खाल्लंय. झाला इतिहास. वाड्यावरची ख्रिस्ती घरं एकेक करून बंद झाली तसं सांताचं वर्षाचं फेस्तही बंद पडलं. माझ्या सासूची म्हैस हरवली की ती सांत आंतोनाला मेणबत्ती बोलायची, आणि म्हैस सापडली की श्रेय सातेरी देवीला द्यायची. दोघांपैकी कुणीच कधी तक्रार केली नाही.

भुयार नाही, भूत नाही. म्हणजे तुझा व्हिडिओ येईपर्यंत नव्हतं. आता पांडुरंगाने फणसाखाली लिंबूसोड्याचा गाडा लावलाय, आणि भुयार थेट पेडण्यात, हळर्णच्या किल्ल्यात निघतं असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मी त्याला खडसावलं. तर म्हणाला, "भायल्यांक कितें तरी सांगूंक जाय मगो, काकी. नाजाल्यार लिंबूसोडो कोण पियेतलो?" बाहेरच्यांना काहीतरी सांगायलाच हवं म्हणे.

पण दुसऱ्याला हसू नये हेच खरं. गेल्या महिन्याच्या शेवटी दिवेलागणीला एक शहरी बाई पायरीवर बसली ती उठेचना. या जागेत काय शक्ती आहे ते मला सांगा, म्हणून मागे लागली. अंधार पडायला आला की तिथे गवे उतरतात. तिला घालवू कशी? शेवटी म्हटलं, या फणसाच्या फांदीला दोरा बांधायचा आणि मागे न बघता खाली जायचं, वर्षाच्या आत लग्न ठरतं. ती तीरासारखी गेली. मी खूश. चार दिवसांनी तिच्यासारख्या गाडी भरून आल्या. आता फणस दिसत नाही, दोरेच दिसतात.

किल्ली माझ्याकडे असते. त्यापुढे विचारू नकोस.

काकी

*

पर्वरी,
२६ मार्च

ती. काकी,

तू हवी होतीस. आम्ही आलो त्याच दिवशी तू मयेला गेलेली. आमच्याबरोबर वारसातज्ज्ञ क्षमा मॅडम होत्या. दार बंद, म्हणून बिचाऱ्यांनी जनेलातूनच पाहिलं. जनेलाला नाक लावून बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जुन्या मिस्साच्या प्रार्थनेतल्या वायनाचा दरवळ शतकानुशतकं या भिंतींत मुरलाय. आमच्या कॅमेरावाल्यालाही मग तसाच वास आला.

पण खरी कमाल दोऱ्यांनी केली. फणस पाहून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वधर्मीय उपासनेची किमान तीनशे वर्षांची अखंड परंपरा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पांडुरंगाला विचारलं तर त्यानेही सांगितलं की त्याच्या पणज्याचा दोरा याच फांदीला होता.

काकी, त्या दिवशी तू दोऱ्यांचं लिहिलंस ते गंमत म्हणूनच ना? मी तसंच धरतो.

आता मुद्द्याचं. प्रकल्पासाठी समिती झालीय. तिच्यात सगळे आहेत, फक्त कोपेल आतून पाहिलेला कुणी नाही. डिचोलीच्या फादरना विचारलं तर ते म्हणाले, वर विचारून सांगतो. खात्याला विचारलं तर आचारसंहिता आहे. समितीचं ठरलंय की पारंपरिक रक्षक म्हणून तुझा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फोटो. आणि त्याच समारंभात तू किल्ली समितीच्या हवाली करायची. जुनी पोर्तुगीज किल्ली असणार, फोटोत फार छान दिसेल.

तुझा,
गौरेश

*

लाटंबार्से,
१४ एप्रिल

चि. गौरेश,

तुम्ही येणार हे कळलं म्हणूनच मी मयेला गेले.

गंमत नव्हे. तुमची तीनशे वर्षांची परंपरा मी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू केली. पांडुरंगाचा पणजा दोरा बांधायला कुठून येणार? तो फणसच तुझ्या काकांनी लावलेला आहे. आणि वायनाचा दरवळ म्हणजे माझ्या काजूबियांची पोती आणि काजूच्या ताज्या हुर्राकाचा एक कॅन, सांत आंतोनाच्या मागे ठेवलेला. जागा कोरडी आहे आणि सांत पिणाऱ्यातला नाही. तुझ्या मॅडमना म्हणावं नाक चांगलं आहे, फक्त हंगाम चुकला.

किल्ली मी देणार नाही. का, ते सांगायचं नव्हतं, पण न सांगितलं तर तू मला हट्टी म्हातारी समजशील.

पियेदाद तुला आठवत नसेल. कोपेलाला लागून तिचं घर होतं, आता नुसतं जोतं उरलंय. मी नवी नवरी आले तेव्हा मला ना काजू वेचता यायचे ना सासूशी बोलता यायचं. दोन्ही तिने शिकवलं. बागेच्या ह्या टोकाला मी आणि त्या टोकाला ती, अशी आमची तीसेक वर्षं गेली. मग मुलाने तिला विलायतेला नेलं. जायच्या दिवशी फादरना विचारून तिने कोपेलाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सांजेर एक दिवो लाय गो, गंगा. काळखांत ताका एकसुरें दिसता." काळोखात सांत आंतोनाला एकटं वाटतं म्हणे. विलायतेला निघालेली ती, आणि काळजी त्याची.

ती होती तोवर मी शनिवारीच जायची. तीन वर्षांमागे ती तिकडेच वारल्याचं कळलं, तेव्हापासून रोज जाते. तिची एक मेणबत्ती, माझी एक पणती. मला आत बसलं की बरं वाटतं. तिच्याशिवाय माझं इथे कुणी जिवाभावाचं झालं नाही, तुझे काका धरून. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी नोकरी पक्की व्हावी असं मलाही वाटतं. पण तिचं दार मागू नकोस.

काकी

*

पर्वरी,
२९ एप्रिल

ती. काकी,

तुझं पत्र वाचून गहिवरून आलं. साहेबांना वाचून दाखवलं, तेही गहिवरले. त्यांनी लगेच माहितीपत्रकात आणि रस्त्यावरच्या बोर्डावर घ्यायला सांगितलं. वर मोठ्या अक्षरात: "दोन धर्म, एक दिवा." पियेदादबाईंचा फोटो आपल्याकडे नाही, म्हणून डिझाइनवाल्याने नेटवरून एक छान म्हातारी घेतलीय. टोपीवाली. शोभून दिसते.

दोऱ्यांचं मात्र आता कुठे बोलू नकोस. तीनशे वर्षं छापून झाली. आणि ती पोती पावसाआधी हलवलीस तर बरं.

किल्ली म्हणजे नुसता उपचार गं. दिव्याची तुला काळजी नको. समितीने आपोआप लागणारा दिवा मंजूर केलाय, रोज संध्याकाळी लागेल, पहाटे विझेल. तुला या वयात चढण चढायला नको. सगळं तुझ्यासाठीच चाललंय. सत्काराची तारीख कळव.

तुझा,
गौरेश

*

लाटंबार्से,
२० ऑगस्ट

चि. गौरेश,

मध्ये तुझी तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. फाट्यावरचा बोर्ड बघून आले होते.

पियेदादने जन्मात टोपी घातली नाही. डोक्यावर काजूच्या बोंडांची पाटी असायची, टोपी ठेवणार कुठे? ती कोण मडम तिथे हसत उभी केलीय, तिच्या खाली माझी वाक्यं छापलीत, आणि पांडुरंगाचं गिऱ्हाईक लिंबूसोडा पीत ती मोठ्याने वाचतं. मला फार लागलं ते. तुला शिव्या द्यायला कागद घेतला होता, पण अक्षर वाकडं यायला लागलं म्हणून ठेवून दिला.

आता कामाचं. गावातली मोठी गोष्ट सातेरीला विचारल्याशिवाय होत नाही हे तुला ठाऊक आहे. श्रावणात मी देवळात जाऊन कौल लावून घेतला. भटजींनी देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावल्या, मी गाऱ्हाणं घातलं, आणि बसले. डावी पाकळी पडली तर नाही, उजवी पडली तर होय. उजवी पडली.

तेव्हा माझी हरकत संपली. चवथ झाली की शाल घेऊन या.

काकी

*

पर्वरी,
२२ सप्टेंबर

ती. काकी,

कार्यक्रम काय झाला म्हणून सांगू. तू मंचावरच्या कदेलवर बसलीस ती अगदी महाराणीसारखी. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आम्ही ते जवळून टिपलंय. कौलाची गोष्ट तर साहेबांना इतकी आवडली की भाषणात त्यांनी सांगून टाकलं, प्रत्यक्ष देवीने प्रकल्पाला मान्यता दिलीय. एवढ्या वेगाने मान्यता आम्हाला कुठल्याच खात्याकडून मिळाली नव्हती.

किल्ली पाहून क्षमा मॅडम हरखूनच गेल्या. ते वजन, तो गंज, ती वळणदार कडी. त्यांनी हातमोजे घालून हातात घेतली. आता ती आमच्या ऑफिसात दर्शनी भिंतीवर काचेच्या पेटीत आहे, खालून दिवा सोडलाय. येणारा प्रत्येकजण तिच्यापाशी फोटो काढतो.

उद्घाटन नोव्हेंबरात. स्वतः मंत्री येऊन दार उघडतील. तोवर आतली साफसफाई करायला समितीची माणसं येऊन जातील.

रागावली होतीस, आता नाहीस ना?

गौरेश

*

लाटंबार्से,
१८ ऑक्टोबर

चि. गौरेश,

डोळ्यांत पाणी होतं ते तुमच्या त्या झगझगीत दिव्यांमुळे. शाल चांगली आहे, पण आपल्या गोव्यात शाल पांघरायची कधी? शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही एक घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कदेलवर दुसरी बाई बसली. शाल आली की आपण उठायचं असतं, एवढं मला कळतं.

किल्ली तुम्हाला आवडली हे वाचून बरं वाटलं. तुम्हाला पाहिजे होती तशीच जुनी आणि जड शोधून दिली.

साफसफाईला कुणी आलं नाही. कुणी येईल असं मलाही वाटलं नव्हतं. तुमची सगळी मंडळी किल्ली बघायला पर्वरीला जातात.

गिऱ्हाईकही पातळ झालंय. पेडण्याकडे कुणाला तरी लपलेला धबधबा सापडला म्हणे. पांडुरंग गाडा तिकडे न्यावा का या विचारात आहे.

काकी

*

पर्वरी,
२५ नोव्हेंबर

काकी,

हे पत्र ऑफिसातून लिहीत नाही. घरी बसून लिहितोय.

परवा तू गर्दीत मागे, जोत्यापाशी उभी होतीस. पुढे काय झालं ते तुला नीट दिसलं की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो. बँड थांबला. साहेबांनी काचेच्या पेटीतून किल्ली काढून मंत्र्यांच्या हातात दिली. मंत्री दाराशी गेले आणि तिथेच घुटमळले. किल्ली वीतभर लांब, आणि दाराला लोंबतंय ते मुठीएवढं साधं कुलूप, मुगाएवढ्या भोकाचं. त्यात ती टेकवणार कुठे? काकी, वर्षभर आम्ही सगळे त्या दाराचे फोटो काढतोय. त्या कुलपाकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

मंत्र्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे, आणि मी तुझ्याकडे. तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तुझा हात कमरेला होता, आणि तू वर फांद्यांमधून ऊन किती उतरलंय ते बघत होतीस. दिव्याची वेळ होत आली होती. इकडे हातोडा मागवायची भाषा सुरू झालेली, पंचायतीचा एकजण फोन लावत खालीसुद्धा पळाला. आणि तुझा चेहरा असा होता, जसा आजी गेली त्या दिवशी दारात होता. तेव्हा मला तुझं एप्रिलचं पत्र कळलं. वाचलं होतं आधीच, वाचूनही दाखवलं होतं.

मी पुढे होऊन म्हटलं, थांबा, हे कुलूप पोर्तुगीज काळातलं आहे, याला धक्का लागला तर वारसा नष्ट होईल. कुठून सुचलं कोण जाणे. एक पावसाळा खाल्लेलं आपल्याकडचं कुलूप तसंही शंभर वर्षांचं दिसतं. क्षमा मॅडम वाकल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुर्मीळ आहे." मग काय, मंत्र्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बंद दारालाच हार घातला, फीत कापली आणि भाषण केलं की काही दारं न उघडण्यातच आपली संस्कृती आहे. टाळ्या पडल्या. फादर खाली मान घालून हसत होते.

समितीने त्याच दिवशी ठराव केला. हे दार कधीही, कुणीही उघडू नये. तसा बोर्ड लागतोय. टोपीवाली काढायला लावलीय, तेवढं मी करून घेतलं. दोऱ्यांचं मात्र जमलं नाही, त्या परंपरेला आता अनुदान आहे.

नोकरीचं अजून कळलं नाही. साहेब हल्ली माझ्याकडे जपून बघतात. त्यांना वाटतं मी फार पोचलेला आहे.

आणखी एक. सगळे गेल्यावर कॅमेऱ्याचा स्टँड राहिला म्हणून मी परत वर आलो होतो. जनेलात उजेड होता. तू आत कुणाशी तरी बोलत होतीस, यंदा काजूला भाव काय दिला त्याबद्दल. मी आत आलो नाही. पायरीवर थोडा वेळ बसलो आणि खाली गेलो. काकी, माझं चुकलं, एवढंच लिहायचं होतं.

गौरेश

*

लाटंबार्से,
२ डिसेंबर

चि. गौरेश,

पायरीवर बसलास ते मला कळलं होतं. लहानपणापासून तुझी बसायची रीत एकच, आधी सुस्कारा. पियेदादला सांगितलंसुद्धा, गौरेश आलाय बाहेर, पण आत यायला लाजतो.

तर आता खरं ते सांगते. कोपेलाचं मूळ कुलूप कधीच गंजून गेलं. हे मी डिचोलीच्या बाजारातून आणलं, पियेदाद विलायतेला गेल्यावर दोनेक वर्षांनी. तुमच्या पेटीत आहे ती आमच्या गोठ्याची किल्ली. गुरं विकली तेव्हापासून ती खुंटीला नुसतीच टांगलेली होती. तुम्हाला खोटं देताना मला बरं वाटलं नाही, पण तुम्ही किल्लीच मागत होतात, दार कुठे मागत होतात? आणि कौलात काय विचारलं, तेही तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी म्हटलं होतं, आई, पियेदादला दिलेला शब्द राखायला मला खोटं वागावं लागेल, वागू का? पाकळी लगेच पडली. भटजीसुद्धा दचकले.

फादरना पहिल्यापासून ठाऊक आहे. मेणबत्त्या तेच पाठवतात.

बोर्ड लागला. "हे दार शंभर वर्षांत उघडलेलं नाही." मी रोज संध्याकाळी तो वाचते आणि मग कुलूप काढते. तुमचा दाराबाहेरचा आपोआप लागणारा दिवा पहिल्याच आठवड्यात आपोआप बंद पडला. पोती मात्र आता दुसरीकडे ठेवलीत. वारसा म्हटल्यावर जरा संकोच वाटतो.

यंदाच्या पावसाळ्यात दोनदा घसरले. तुला कळवलं नव्हतं. उतरताना गुडघा धरतो. पुढच्या पावसाळ्यात मला रोज वर जाता येईल असं वाटत नाही, आणि त्या विचाराने मला झोप लागत नाही. पांडुरंगाला सांगावं तर तो तिकीट लावील.

डिचोलीच्या त्या दुकानदाराने कुलपाबरोबर दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक माझ्या कमरेला असते. दुसरी मी वेगळी ठेवली, पियेदाद कधी आलीच तर तिला लागेल म्हणून. ती वारल्याचं कळल्यावरही ठेवलीच, जागची हलवायला हात झाला नाही. आज ती या पाकिटात घातली आहे. कुणाला दाखवू नकोस.

शनिवारी ये. अंधार पडायच्या आत वर पोचायचं असतं. मेणबत्ती आधी लावायची, पणती मग.

गंगाकाकी